पोर्टफोलिओ कसा बांधू? बडोद्यात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल, एक कटर आणि आजोबांच्या वेळचा लाकडी शिकंजा आहे. पुस्तकं बांधणं हा आमच्या घरचा जुना उद्योग. माझ्याकडे मात्र आता पुस्तकांपेक्षा पोर्टफोलिओच, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचे संच, जास्त येतात. फाइन आर्ट्सची मुलं पुष्पबागेतून चालत येतात, आर्किटेक्चरची स्कूटरवर ए३ आकाराची पानं छातीशी धरून येतात, आणि एप्रिल उजाडला की डिझाइनच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर त्यांच्या आयाही येतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

ताई, सगळं काम छापून आणलंय. आता कोणतं बाइंडिंग करू?

हा पहिला प्रश्न असतो आणि तो विचारेपर्यंत उशीर झालेला असतो. बांधणी आधी ठरवायची आणि पानं नंतर मांडायची. कण्याकडे, म्हणजे पानं बांधली जातात त्या बाजूला, किती जागा सोडायची, कागद किती जाड घ्यायचा, पानं सुटी छापायची की जोडीने, एकूण किती पानं हवीत, हे सगळं बांधणीवर अवलंबून असतं. सुटी छापलेली पानं मधोमध पिन मारून बांधता येत नाहीत. चित्र कागदाच्या काठापर्यंत नेलं असेल तर स्पायरलची भोकं त्या चित्रातूनच जातात.

आता छापून आणलंच आहे म्हणता, तर डाव्या काठाला किती कोरी जागा आहे ते पट्टी लावून मोजा. १२ मिमी किंवा जास्त असेल तर वायर-ओ सुखाने होईल. २५ मिमी असेल तर स्क्रूचंही जमेल. जागाच नसेल तर पानं सुटी ठेवून पेटीत घाला. या सगळ्यांबद्दल पुढे लिहिलं आहे, आणि पेटी हा काही कमीपणाचा मार्ग नाही.

मग आधी काय ठरवायचं?

पोर्टफोलिओ कोणाच्या हातात जाणार आणि कुठे उघडला जाणार, हे. टेबलावर तीनजण वाकून बघणार असतील तर तो सपाट उघडायलाच हवा, एका हाताने दाबून धरायची वेळ येता कामा नये. गॅलरीत कोणी उभ्याउभ्या चाळणार असेल तर वजन कमी हवं. मुलाखतीत तुम्ही स्वतः पानं उलटत बोलणार असाल तर पान उलटताना अडता कामा नये. बोलणं अडतं ते बरेचदा पान अडल्यामुळे.

दुसरी गोष्ट, त्यातलं काम किती वेळा बदलणार. अहमदाबादच्या मुलाखतीला एक क्रम, मुंबईच्या स्टुडिओला दुसरा, असं करणार असाल तर गोंदाने चिकटवलेली बांधणी घेऊ नका.

तिसरी गोष्ट कागद. कागदावर लोक खूप विचार करतात पण बांधणीपासून वेगळा करतात. ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) कागद हातात छान लागतो, आणि गोंदाने चिकटवलेल्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये तोच पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहून गोंदातून सुटतो.

स्पायरल की वायर-ओ? दोन्ही एकच ना?

नाही. दुकानात दोन्हींना ‘स्पायरल’च म्हणतात, म्हणून घोळ होतो. स्पायरल म्हणजे प्लॅस्टिकची एकच गुंडाळी, भोकाभोकातून फिरत जाणारी. ट्यूशनच्या नोट्सना असते ती. वायर-ओ म्हणजे धातूची दुहेरी तार, एकेका भोकात दोन-दोन कड्या, आणि मशीनने दाबून बंद केलेली. ए४च्या लांब बाजूला बारीक वायरीची ३४ भोकं येतात. जाड वायर लागली तर भोकं मोठी होतात आणि २३च येतात.

दिसण्यातला फरक आहेच, पण खरा फरक उघडल्यावर कळतो. स्पायरलमध्ये डावं पान उजव्यापेक्षा किंचित वर-खाली सरकतं, कारण गुंडाळी तिरपी असते. दोन पानांवर पसरलेलं चित्र असेल तर त्याचं क्षितिज मोडतं. वायर-ओत दोन्ही पानं समोरासमोर, एका रेषेत राहतात आणि पूर्ण मागेही वळतात. पोर्टफोलिओला वायर-ओच घ्या. काळी किंवा चंदेरी घ्या, पांढरी लवकर मळकी दिसते.

एक बारकावा, जो बहुतेक दुकानं सांगितल्याशिवाय करत नाहीत. वायर जिथे बंद होते ती फट मागच्या कव्हरच्या आत लपायला हवी. त्यासाठी वायर दाबायच्या वेळी मागचं कव्हर पुढच्या कव्हरच्या वर आणून ठेवतात आणि दाबून झाल्यावर मागे फिरवतात. तसं केलं नाही तर ती फट बाहेरून दिसते आणि शेवटचं पान तिथूनच सुटायला लागतं. दुकानात उभं राहून हे करून घ्या.

वायरीचा दोष एकच, पण मोठा: ती दबते. बॅगेत वर लॅपटॉप आला की गोल कड्यांचा अंडाकार होतो आणि पानं अडतात. स्पायरल दबून परत उसळते, वायर नाही उसळत. म्हणून वायर-ओचा पोर्टफोलिओ कडक फोल्डरमध्येच न्यायचा.

‘परफेक्ट बाइंडिंग’ पुस्तकासारखं दिसतं. तेच करावं ना?

नावाने फसलेल्यांत मीही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. परफेक्ट म्हणजे पानांची एक बाजू खरवडून गरम गोंदाने जाड कव्हरच्या आत चिकटवणं. बाजारातल्या बहुतेक कादंबऱ्या अशाच असतात. दिसायला नेटकं, कण्यावर नाव छापता येतं, कपाटात उभं राहतं.

मी शिकत असताना माझा पहिला पोर्टफोलिओ असाच करून घेतला. चाळीसेक पानं, आर्ट पेपर, सगळी चित्रं काठापर्यंत. एका पसरट पानावर मांडवीच्या चौकातल्या फुलवालीचं रेखाचित्र होतं, दोन्ही पानांवर मिळून. बांधून आलं तेव्हा तिचा चेहरा कण्याच्या खाचेत गेला होता. नाक एका पानात, डोळा दुसऱ्यात, मधलं काहीच नाही. चूक माझी होती, आत समास सोडलाच नव्हता. दुकानाची चूक नंतर कळली. मे महिन्यात बंद गाडीत तासभर राहिल्यावर मधली आठ पानं एकगठ्ठा हातात आली. गरम करून लावलेला साधा गोंद गरमीत पुन्हा मऊ पडतो, आणि गुळगुळीत आर्ट पेपरला तो मुळातच नीट धरत नाही. कण्याच्या काठापर्यंत शाई किंवा लॅमिनेशन असेल तर त्याहून कमी धरतो.

म्हणून परफेक्ट करायचंच असेल तर कागद १०० ते १३० जीएसएमचा, आतल्या बाजूला निदान २० मिमी समास, कण्याच्या काठाला शाई नको, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र नकोच. दुकानात ‘पीयूआर’ गोंद असेल तर तो मागा. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, उष्णतेला दाद देत नाही आणि आर्ट पेपरही धरतो. फक्त पूर्ण पकडायला त्याला एक दिवस लागतो. त्या दिवशी पानं ताणून बघायचा मोह आवरायचा.

मजकूर जास्त आणि चित्रं कमी असतील, म्हणजे संशोधनाचा, लेखनाचा किंवा क्युरेशनचा पोर्टफोलिओ असेल, तर परफेक्ट चांगलं. निव्वळ चित्रांच्या माणसाला मी ते सुचवत नाही.

सेंटर पिनिंग स्वस्त आहे. चालेल?

चालेल काय, पाठवून द्यायच्या पातळ पोर्टफोलिओला त्याहून चांगलं काही नाही. पानं मधोमध दुमडून घडीवर दोन पिना. सपाट उघडतं, हलकं असतं, पोस्टाने जातं. अटी दोन. पानांची संख्या चारच्या पटीत हवी: १६, २०, २४. अठरा पानांचं काम असेल तर दोन काढा किंवा दोन वाढवा. शेवटी दोन कोरी पानं टाकणाऱ्यांचा मला राग येतो. दुसरी अट म्हणजे जाडी. १३० जीएसएममध्ये चाळीस-अठ्ठेचाळीस पानांपुढे जाऊ नका. पुढे गेलात तर मधली पानं बाहेर डोकावतात, मग ती कापून सारखी करावी लागतात आणि मधल्या पानांचा बाहेरचा समास बारीक होतो. बाहेरच्या काठाजवळ पान-क्रमांक असेल तर तोही कापला जातो.

१७० जीएसएमच्या वरचा कागद असेल तर आधी क्रीझिंग करून घ्या, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडून घ्या. नाहीतर घडीवर शाई फुटून पांढरी रेघ दिसते, गडद रंगावर तर फारच.

आणि एक गणित, जे मुलांना छापायच्या दिवशीच कळतं. डिजिटल प्रेसचा कागद बहुतेक १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंचांचा असतो. उभा ए४ मधोमध दुमडायला ए३चा ताव लागतो, तो यात ब्लीडसकट, म्हणजे कापताना जाणाऱ्या कडेच्या जादा छपाईसकट, बसतो. आडवा ए४ मात्र उघडल्यावर ५९४ मिमी लांब होतो. तो त्या कागदावर बसत नाही. लांब ताव चालवणारं मशीन असेल तरच होईल. आडवंच हवं असेल तर आकार कमी करा, नाहीतर वायर-ओकडे वळा.

थीसिससारखं काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं?

तुम्ही पीएचडी जमा करताय का?

हाताने शिवलेलं करायचं आहे. जपानी की कॉप्टिक?

दोन्ही सुंदर आहेत, म्हणूनच सांभाळून.

जपानी बांधणीत सुटी पानं एकावर एक ठेवून काठापासून थोडं आत चार भोकं पाडून बाजूने शिवतात. ‘योत्सुमे तोजी’ म्हणतात तिला, चार डोळ्यांची बांधणी. दोरा बाहेरून दिसतो, तीच तिची शोभा. पण ती सपाट उघडत नाही. कण्याकडची दीड-दोन सेंटिमीटर जागा शिवणीत जाते आणि जाड कागदाला तर ती अजिबात मानवत नाही. जपानात ती पातळ, मऊ, दुमडलेल्या कागदांसाठी होती. आपण तिथे ३०० जीएसएम घालतो आणि मग ‘ताई, उघडत नाही’ म्हणतो. कविता-चित्रांची पातळ पुस्तिका किंवा हातकागदावरची स्केचेस असतील तर जरूर करा.

कॉप्टिक म्हणजे इजिप्तमधल्या प्राचीन ख्रिस्ती लोकांची पद्धत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. दुमडलेल्या पानांचे जुजे साखळीच्या टाक्याने एकमेकांना जोडायचे, कणा उघडाच ठेवायचा. अगदी सपाट उघडतं. चित्रांसाठी मला ही सगळ्यात आवडते. पण तिच्यात आणि आपल्या नेहमीच्या जुजबंदीत (जुजे शिवून केलेल्या बांधणीत) अडचण तीच: पानं सुटी चालत नाहीत, घडी लागते. चार ताव दुमडून सोळा पानांचा एक जुज, तर त्या तावांवर पानं उलटसुलट क्रमाने छापावी लागतात. पहिल्या पानाशेजारी सोळावं, दुसऱ्याशेजारी पंधरावं. घरी साध्या कागदाची छोटी डमी दुमडून, पानांवर आकडे टाकून, मग उलगडून बघा. दहा मिनिटांत सगळं कळतं.

सुटी छापलेली पानं शिवायचीच असतील तर एक जुना उपाय आहे. प्रत्येक पान कापडाच्या किंवा कागदाच्या पट्टीवर चिकटवायचं आणि पट्टी शिवायची. जुने फोटो अल्बम असे असत. वेळखाऊ काम आहे, मी एका दिवसात वीस पानांपेक्षा जास्त घेत नाही.

कव्हरसाठी मात्र लांब जायची गरज नाही. खंडेराव मार्केटच्या आसपास किंवा मंगळबाजारात दिवाळीच्या तोंडावर लाल कापडाचे, पांढऱ्या दोऱ्याने टाके घातलेले चोपडे मिळतात. चोपडापूजनाला वापरतात ते. गेल्या वर्षी टेक्स्टाइलच्या एका मुलीने तेच कापड आणि तोच टाका घेऊन कव्हर केलं. परीक्षकांनी आधी कव्हरच उलटसुलट करून पाहिलं म्हणे.

उत्तरायणात पतंग उडवून उरलेला दोरा घरी रीळभर पडला आहे. त्याने शिवू का?

दरवर्षी जानेवारीत कोणीतरी हे विचारतंच! नको. मांजा लावलेला दोरा काचेच्या भुकटीचा असतो, तो कागद कापतो आणि तुमची बोटंही. साधा पांढरा दोरा फार बारीक, तो ताण आला की भोकातून कागद चिरत जातो. जाड सुती किंवा तागाचा दोरा घ्या आणि मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढा, म्हणजे गाठ सरकत नाही. भोकं दाभणाने पाडा, सुईने ढकलून नव्हे.

आई म्हणते क्लिअर फाइल घे, पानं बदलता येतात.

आईचं अर्ध बरोबर आहे. पानं बदलता येणं हा मोठा फायदा आहे. अहमदाबादला जाताना गाडीत बसून क्रम बदलणारी मुलं मी पाहिली आहेत. पण प्लॅस्टिकच्या पिशवीवर ट्यूबलाइट चमकते आणि बघणाऱ्याला पान तिरपं करत बसावं लागतं. कागदाचा पोत, शाईचा थर, काही लागत नाही. स्वस्त पिशव्या पीव्हीसीच्या असतात, त्यांना वास येतो, आणि लेझर प्रिंटची शाई त्यांना चिकटून पिशवीवर आरशासारखी उमटते. घ्यायचीच तर पॉलिप्रॉपिलीनची घ्या. मॅट मिळाली तर चमक थोडी कमी होते.

पानं बदलायची आहेत पण प्लॅस्टिक नको. मग?

स्क्रू. पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे दोन-तीन पोकळ खांब, वरून स्क्रू. ५, १०, २० मिमी अशा उंचीचे मिळतात आणि काम वाढलं की जोडखांब लावून उंची वाढते. काठाला २५ मिमी कोरी जागा ठेवा आणि त्या रेषेवर कव्हरला क्रीझ द्या, नाहीतर ते बिजागरीसारखं वळत नाही. ते वायर-ओइतकं सपाट उघडत नाही, पण कडक पुठ्ठ्याच्या कव्हरात फार रुबाबदार दिसतं. आर्किटेक्चरवाल्यांना मी डोळे झाकून हेच सांगते.

मूळ चित्रं, एचिंग (धातूच्या प्लेटवरून काढलेली छापचित्रं), कोळशाची रेखाटनं हीच दाखवायची आहेत. ती कशी बांधू?

बांधू नका. मूळ चित्राला भोक पाडायचं नाही, गोंद लावायचा नाही, सेलोटेप तर मुळीच नाही. तिचा डाग पिवळा होऊन आत उतरतो आणि मग तो कोणाच्या बापाला काढता येत नाही.

आपल्याकडे न बांधण्याची परंपरा बांधण्याइतकीच मोठी आहे. पोथी कुठे शिवलेली असते? सुटी पानं, वर-खाली फळी, भोवती कापड, वरून दोरी. सगळं बासनात गुंडाळलेलं. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात जतन केलेली हस्तलिखितं बघितलीत तर कळेल की पान सुटं असल्यामुळे ते एकेक करून हातात घेता येतं, बाजूला ठेवता येतं, दोन पानं शेजारी लावता येतात. छापचित्र करणारे कलावंतही आपला संच अशाच सुट्या पानांनी पेटीत देतात, कारण प्लेटचा दाब आणि कागदाचा काठ हे दोन्ही चित्राचाच भाग असतात.

पेटी पुठ्ठ्याची करा, झाकण पुस्तकासारखं बाजूला उघडणारं. आतली मापं कागदापेक्षा प्रत्येक बाजूला ३-४ मिमी मोठी, जास्त नको, नाहीतर पानं आत आपटतात. एका बाजूला अंगठ्याएवढी अर्धगोल खाच ठेवा, नाहीतर तळाचं पान काढायला पेटी उलटी करावी लागते. प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घाला. कोळसा आणि सॉफ्ट पेस्टलवर आधी फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा, हलक्या हाताने, दोन पातळ फवारे, एक जाड नव्हे.

पेटीला मान कमी असं समजू नका. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल इथे आला आणि फिरती ग्रंथालयं सुरू झाली. त्यांची पुस्तकं संस्थानातल्या गावागावांत पेट्यांतूनच गेली. चांगल्या पेटीतून पाठवलेला कागद शाबूत पोचतो, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे.

फोटोग्राफी आहे, दोन पानांवर पसरलेले फोटो आहेत.

मग लग्नाच्या करिझ्मा अल्बमची बांधणी. हसू नका. त्यात फोटो मधोमध दुमडून पाठीला पाठ चिकटवतात, त्यामुळे कण्यात काहीच हरवत नाही आणि पान टेबलासारखं सपाट पडतं. फक्त चकचकीत लॅमिनेशन नको, मॅट सांगा, कोपऱ्यांवर सोनेरी पत्रे नकोत, आणि कव्हरवर हृदयाच्या आकाराची खिडकी नको हे आधीच बजावून ठेवा. वीस-पंचवीस पानांत वजन बरंच होतं.

कागदाचा ‘ग्रेन’ म्हणजे काय? खरंच फरक पडतो?

पडतो, आणि सगळ्यात कमी लोक विचारतात. कागद मशीनवर बनतो तेव्हा त्यातले तंतू एका दिशेला झोपतात. त्या दिशेला कागद सहज वळतो, आडव्या दिशेला ताठ राहतो. बांधणीत तंतू कण्याला समांतर हवेत. तसे नसले तर पान उघडं राहत नाही, सारखं मिटू बघतं. पावसाळ्यात काठ लाटांसारखे होतात आणि चिकटवलेली कव्हरं वाकतात.

ओळखायचं कसं? ताव हातावर हलकेच वाकवा, एकदा लांबीने, एकदा रुंदीने. कमी विरोध जाणवेल तेव्हा वळणाची रेघ ज्या दिशेला असते, ती तंतूंची दिशा. खात्री नसेल तर एक तुकडा फाडा: तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. ए४च्या गठ्ठ्यात तंतू बहुतेक लांबीच्या दिशेने असतात, म्हणून उभा ए४ बांधायला बरा आणि आडवा ए४ जरा हट्टी. ए३ दुमडून ए४ करणार असाल तर ताव घेण्याआधी वाकवून बघाच.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

चकचकीत पानं एकमेकांना चिकटतात. नवीन छापलेला पोर्टफोलिओ लगेच प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, दोन-तीन दिवस पंख्याखाली वारा लागू द्या. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या ओल्या झाल्या की बदला. ‘ठेवल्या आहेत’ एवढं पुरत नाही.

कव्हर चिकटवायला जुने बाइंडर मैद्याची खळ वापरत आणि तीत मोरचूद घालत, कारण मैद्यावर कसर येते आणि कसर कागद खाते. खळीचा फायदा हा की पुढे पाण्याने सोडवता येते. फेव्हिकॉल एकदा वाळला की सुटत नाही. घरी खळ शिजवणार असाल तर मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

आणि कपाटाचा तळाचा खण पोर्टफोलिओसाठी नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा कोणाकोणाची वर्षांची कामं खालच्या खणात होती. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेला एक गठ्ठा वाळून वीट झाला होता. आर्ट पेपर ओला असतानाच सुटा करायचा असतो. एकदा चिकटून वाळला की सुटत नाही. लगेच सुटा करायला वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, निदान चिकटणं थांबतं, आणि मग सवडीने एकेक पान.

दुकानात नेमकं काय सांगायचं?

बोलण्यापेक्षा डमी न्या. साधा कागद, तेवढीच पानं, तोच आकार, आणि त्यावर पेन्सिलने ‘इथे भोकं’, ‘हे पान उजवं’. कण्याची जाडी डमीवरच पट्टीने मोजा, गणित करत बसू नका.

रावपुऱ्यात किंवा फतेहगंजमध्ये बाइंडर गुजराती बोलणारा असेल तर दोन शब्द लक्षात ठेवा. आपण समास म्हणतो त्याला तिथे ‘हांसियो’ म्हणतात, आणि पुठ्ठ्याला ‘पूंठुं’. ‘हांसियो पच्चीस’ म्हटलं की काम झालं. ‘चालशे’ ऐकू आलं की मात्र तिथेच थांबा आणि काय चालेल ते बघून घ्या.

किती दिवस आधी आणू?

वायर-ओ आणि पिनिंग तासाभराचं काम. स्क्रू अर्धा दिवस. गोंदाचं किंवा कव्हर चिकटवलेलं काहीही असलं तर दोन दिवस, कारण शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवावं लागतं. घरी करणार असाल तर दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून वर पाटा ठेवा, वरवंटा नको, तो घरंगळतो. शिवलेलं असेल तर आठवडा. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी आलात तर मी फक्त वायर-ओ करते आणि थोडं रागावते.

हल्ली पीडीएफच मागतात. मग बांधायचं कशाला?

बऱ्याच ठिकाणी खरंच गरज नसते. सूचनापत्रकात ‘फक्त पीडीएफ’ लिहिलं असेल तर पैसे वाचवा. आकार आणि पानांची संख्या दिली असेल तर ती तंतोतंत पाळा, बांधणी कितीही आवडती असली तरी. प्रत्यक्ष मुलाखत असेल तर मात्र स्क्रीनवर बारा इंचांत दिसणारं एचिंग आणि हातात घेतलेलं एचिंग यांत फरक असतो.

महागडं बाइंडिंग केलं तर प्रवेश मिळायला मदत होते का?

नाही, काकू. वाईट बाइंडिंगने कामाकडे बघणं अवघड होतं, एवढंच. वीस चांगल्या पानांना साधी वायर पुरते. उरलेले पैसे चांगल्या छपाईला घाला, रंग नीट आले तर त्याचा उपयोग होईल.

मुलाखत झाली. जुनं बाइंडिंग उसवून नवीन कामं घालता येतील का?

वायर-ओ असेल तर वायर कापून काढायची, नवीन पानांना त्याच अंतराची भोकं पाडायची आणि नवीन वायर घालायची. जुनी पुन्हा वापरायची नाही, ती नीट मिटत नाही. परफेक्ट असेल तर कणा कटरखाली कापावा लागतो, प्रत्येक पानाची चार-पाच मिलिमीटर जागा जाते, आणि मग उरलेल्या पानांना वायर-ओ. आत समास सोडला असेल तरच हे शक्य. शिवलेलं असेल तर दोरा कापून जुजे सुटे होतात, नवीन जुज घालून पुन्हा शिवता येतं, जुनी भोकं तीच चालतात.

फक्त दोरा घरी कापू नका, तसाच घेऊन या. ब्लेडचं टोक दोऱ्याखालून सरकलं की घडीवरचं पान मधोमध चिरतं. या वर्षी असे दोन पोर्टफोलिओ माझ्याकडे आले, आणि दोन्हींत चिरलेलं पान नेमकं सगळ्यात चांगलं होतं.